फक्त एक सही

रविवारची सकाळ असते. चहा झालेला असतो, पेपर अर्धा वाचून झालेला असतो. दारावरची घंटा वाजते आणि ओळखीचाच माणूस आत येतो. ऑफिसातला सहकारी असेल, शाळासोबती असेल, साडू असेल, नाहीतर बायकोचा मावसभाऊ. इकडच्या तिकडच्या गप्पा होतात. मुलांचे मार्क, गावाकडचा पाऊस, सगळे विचारून होते. मग चहाचा कप खाली ठेवता ठेवता तो पिशवीतून कागद काढतो आणि म्हणतो, ‘‘काही नाही, फक्त एक सही हवी होती. कर्ज मंजूर झालंय. जामीनदार म्हणून तुझं नाव दिलंय. नुसती औपचारिकता आहे.’’

हा प्रसंग ज्या घरात कधी घडलाच नाही असे मराठी मध्यमवर्गीय घर विरळाच. आणि अशा वेळी आपण बहुतेक जण काय करतो? चष्मा शोधतो, पेन शोधतो आणि फुलीची खूण जिथे जिथे केलेली असेल तिथे तिथे सही करून मोकळे होतो. कागद वाचायला घेतला तर समोरच्याला काय वाटेल, हा पहिला विचार. ‘नाही’ म्हटले तर संबंध बिघडतील, हा दुसरा. आपण नेमके कशावर सही करतो आहोत, हा विचार फार उशिरा येतो. पुष्कळदा तो नोटिशीच्या पाकिटातून येतो.

माझ्याकडे तो पगाराच्या चिठ्ठीतून आला.

पगाराच्या चिठ्ठीवरची ओळ

गोष्ट २०११ सालची. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला मुलीच्या लग्नासाठी नोकरांच्या पतसंस्थेतून तीन लाखांचे कर्ज हवे होते. दोन जामीनदार लागत होते. एक मी झालो, दुसऱ्या आमच्याच विभागातल्या एक बाई. कॅन्टीनच्या टेबलावर, समोर वडा-सांबार असताना, पाच मिनिटांत सह्या उरकल्या. कागदावर काय लिहिले होते ते आज मला आठवत नाही, कारण ते मी वाचलेच नव्हते. घरीही सांगितले नाही. त्यात सांगण्यासारखे काय होते?

लग्न छान झाले. आम्ही जेवून आलो. वर्षभर त्याच्या पगारातून हप्ते कापले गेले. नंतर घरच्या काही अडचणींमुळे तो रजेवर गेला. रजा लांबली, बिनपगारी झाली. त्याची खुर्ची रिकामी दिसत होती, पण ‘हप्त्याचे काय चालले आहे?’ असे विचारणे मला प्रशस्त वाटले नाही. माणूस आधीच त्रासात, त्यात आपण कर्जाचा विषय कशाला काढा! शेवटी त्याने राजीनामा दिला आणि तो गाव सोडून गेला. त्याचे शेअर्स आणि ठेव वळती करून घेतल्यावर पतसंस्थेचे व्याजासह १ लाख ७२ हजार रुपये उरले. ते दोघा जामीनदारांवर निम्मे निम्मे आले. माझ्या वाट्याला ८६ हजार. दरमहा ४ हजार ३०० रुपयांप्रमाणे वीस महिने. पुढचे व्याज संस्थेने लावले नाही, एवढीच काय ती मेहेरबानी.

पहिल्या कपातीची ती चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात बायकोला सापडली. ती ओरडली नाही, रडली नाही. एवढेच म्हणाली, ‘‘अहो, सही केलीत तेव्हा मी घरात नव्हते का?’’ त्या वर्षी थोरल्याच्या कॉलेजची फी भरायची होती. तिने ती स्वतःच्या आवर्त ठेवीतून भरली. त्या दुसऱ्या बाईंच्या घरी तर फार वाईट झाले. त्यांनीही सांगितले नव्हते. आधीच डोक्यावर घराचे कर्ज, त्यात ही कपात. नवऱ्याने ‘आणखी काय काय लपवलं आहेस?’ असे विचारले, ते त्यांनी मला एकदा जिन्यात उभ्या उभ्या सांगितले. पैसे पुढे फिटले. तो प्रश्न मात्र त्या विसरल्या असतील असे मला वाटत नाही.

हाजीरजामीन आणि मालजामीन

जामीन हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. जुन्या कागदपत्रांत त्याचे प्रकार येतात. ‘हाजीरजामीन’ म्हणजे अमुक माणसाला वेळेवर हजर करीन अशी हमी देणारा. ‘मालजामीन’ म्हणजे त्याने पैसे दिले नाहीत तर ते मी देईन असे लिहून देणारा. ‘फेलजामीन’ म्हणजे त्याच्या चांगल्या वर्तणुकीची हमी घेणारा. जुन्या माणसांनी हे तीन वेगळे शब्द ठेवले, कारण या तीन जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत, हे त्यांना ठाऊक होते.

आपली गफलत इथेच होते. मित्रासाठी सही करताना आपण मनातून फेलजामीन असतो. ‘माणूस चांगला आहे, मी त्याला वीस वर्षे ओळखतो’ अशी ग्वाही आपण देत असतो. फार तर हाजीरजामीन असतो, ‘तो पळून जाणार नाही, गरज पडली तर मी त्याला घेऊन येईन.’ कागद मात्र मालजामिनाचा असतो. त्यात माणसाच्या स्वभावाबद्दल एक अक्षर नसते. त्यात रक्कम असते, व्याजाचा दर असतो आणि ती रक्कम देण्याचे आपले वचन असते. माणूस चांगला असूनही हप्ते थकतात. नोकरी जाते, धंदा बसतो, आजारपण येते. आपली ग्वाही खरीच ठरते, आणि तरीही पैसे आपल्याला भरावे लागतात.

‘आधी त्याच्याकडे मागा’

जामीनदाराचा कायदा १८७२ सालचा आहे. भारतीय करार कायद्यात कलम १२६ पासून पुढे हमीचा विषय येतो. त्यातले कलम १२८ प्रत्येक जामीनदाराने माहीत करून घ्यावे. त्याचा अर्थ साध्या शब्दांत असा की, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते. तेवढीच रक्कम, तेवढेच व्याज, तोच खर्च.

‘बँकेने आधी कर्जदाराची मालमत्ता विकावी, त्यातून भागले नाही तर माझ्याकडे यावे’ अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच खोडून काढली. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात खालच्या न्यायालयाने नेमका असाच आदेश दिला होता, की आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे उपाय करा, मग जामीनदाराकडे वळा. उच्च न्यायालयानेही तो कायम केला. सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली. सावकाराला आधी दुसऱ्याच्या मागे धावावे लागणार असेल तर हमी घेण्याचा हेतूच उरत नाही, असे त्या निकालाचे सार. विचार केला तर ते खरेही आहे. बँक जामीनदार घेते ती शोभेसाठी घेत नाही. कर्जदाराच्या एकट्याच्या भरवशावर पैसे द्यायला ती तयार नसते, म्हणूनच ती आपली सही मागते. म्हणजे ज्या माणसाची परतफेडीची ऐपत तपासणे हा जिचा धंदा, तिला जी शंका वाटली, ती आपण मैत्रीखातर बाजूला ठेवतो!

दुसरी समजूत अशी की, दोन जामीनदार असले तर आपल्यावर निम्मीच जबाबदारी. जामीनदारांच्या आपापसात ते खरे आहे. कायद्याने त्यांनी भार सारखा वाटून घ्यायचा असतो. पण सर्वसाधारण हमीपत्रावर बँक कोणाही एकाकडे पूर्ण रक्कम मागू शकते. आमच्या पतसंस्थेने निम्मे निम्मे केले ते आम्ही दोघेही नोकरीत होतो म्हणून. त्या बाई आधीच निवृत्त झाल्या असत्या तर माझी चिठ्ठी कशी दिसली असती, हा विचार मी पुढे अनेकदा केला.

गणित करून पाहा

एक साधा हिशेब मांडू. कोणी पाच लाखांचे कर्ज १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता साधारण ११ हजार ६३४ रुपये येतो. एक वर्ष त्याने सगळे हप्ते वेळेवर भरले. म्हणजे १ लाख ३९ हजारांहून अधिक रक्कम भरली. तरी मुद्दल शिल्लक राहते ४ लाख २५ हजारांच्या वर, कारण पहिल्या वर्षाच्या हप्त्यांत जवळजवळ निम्मा भाग व्याजाचा असतो. मग हप्ते थांबले. पुढची दोन वर्षे कोणी काही भरले नाही आणि व्याज दरमहा चढत राहिले, तर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस येणे होते सुमारे ५ लाख ६२ हजार. मूळ कर्जापेक्षाही जास्त! थकबाकीवरचा दंड आणि वसुलीचा खर्च यात धरलेलाच नाही.

‘आता थोडेच उरले असेल’ असे जामीनदाराला वाटत असते, तेव्हा आकडा उलट दिशेने चाललेला असतो. म्हणून जामीनदाराला सर्वांत महाग पडते ते उशिरा कळणे. तिसऱ्या थकलेल्या हप्त्याला कळले तर चाळीस हजारांच्या आत प्रकरण सावरता येते. तिसऱ्या वर्षी कळले तर घरातले दागिने आठवू लागतात.

वसुली कशी येते

सहकारी पतसंस्था आणि नागरी सहकारी बँका हा महाराष्ट्राच्या घराघरातला विषय. त्यांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. या कायद्याच्या कलम १०१ खाली संस्था थेट निबंधकाकडे अर्ज करून वसुली दाखला मिळवू शकते आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. नेहमीचा दिवाणी दावा, वर्षानुवर्षे तारखा, असे इथे चालत नाही. दाखल्यावर जामीनदाराचेही नाव असते. त्याविरुद्ध दाद मागायची तर बहुधा निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

पगारदारांच्या संस्थेत आणखी सोपे असते. कलम ४९ प्रमाणे सभासद संमतीपत्र लिहून देतो आणि मालकाने पगारातून रक्कम कापून संस्थेला द्यायची असते. आमच्या कॅन्टीनमधल्या कागदांत एक कागद हाच होता.

प्रकरण दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यापर्यंत गेले तर पगाराला थोडे संरक्षण आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १ हजार रुपये आणि उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. ४० हजारांच्या पगारातून १३ हजारांपर्यंत जप्ती येऊ शकते. एका हुकूमनाम्यासाठी अशी जप्ती एकूण २४ महिन्यांपर्यंतच चालते. पण पगारदारांच्या संस्थेला दिलेले संमतीपत्र ही वेगळी गोष्ट. ती जप्ती नसते, आपणच आपल्या हाताने दिलेली परवानगी असते.

जामीनदाराने आपले घर तारण दिले असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. २००२ च्या सरफेसी कायद्यात ‘कर्जदार’ या शब्दाच्या व्याख्येतच जामीनदार येतो. ६० दिवसांची नोटीस देऊन, नंतर कोर्टात दावा न लावता बँक तारण ताब्यात घेऊ शकते. म्हणून सही देणे आणि घराची कागदपत्रे देणे यांत फार अंतर आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगायला हवे.

आणि आता पत-माहितीचा नवा हिशेबही आहे. सिबिलसारख्या संस्थांच्या अहवालात आपण जामीन असलेले कर्जही आपल्या नावापुढे दिसते. त्याचे हप्ते थकले की आपल्या पतीला बट्टा लागतो. स्वतःच्या घरासाठी बँकेत गेल्यावर ‘तुमच्या नावावर थकबाकी दिसते’ असे ऐकावे लागले, तर ती अशा एखाद्या विसरलेल्या सहीची आठवण असू शकते.

मृत्यू, दिवाळे आणि माघार

कर्जदार वारला तर काय? कर्ज वारत नाही. त्याच्या वारसांकडून, त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरते, आणि जामीनदाराकडून ते येणे राहते. जामीनदार वारला तरी दिलेल्या कर्जाची जबाबदारी त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर येते. म्हणजे वडिलांनी कधीतरी केलेली सही मुलांच्या वाटणीच्या वेळी पुढे येऊ शकते.

धंदा कंपनीच्या नावावर असेल तर? मुलाने कंपनी काढली आणि वडिलांनी वैयक्तिक हमी दिली, असे आता अनेक घरांत होते. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, बँकांनी तडजोडीची योजना मान्य केली, म्हणजे वडील सुटले असे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी ललित कुमार जैन प्रकरणात हे स्पष्ट केले.

आणि ‘मला आता जामीन राहायचे नाही’ असे पत्र देऊन सुटता येते का? कॅश क्रेडिटसारख्या चालू खात्यासाठी दिलेली हमी पुढच्या व्यवहारांपुरती मागे घेता येते. एकदा दिले गेलेले मुदतीचे कर्ज असेल तर नाही. बँकेने दुसरा जामीनदार स्वीकारून आपल्याला लेखी मुक्त केले तरच सुटका.

जामीनदाराला हक्क मुळीच नाहीत असे मात्र नाही. आपण भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क कलम १४५ देते. पूर्ण कर्ज फेडले तर बँकेचे हक्क आणि तारण आपल्याकडे येतात. आपल्या संमतीवाचून कर्जाच्या अटी बदलल्या किंवा तारण बँकेच्या हातून गमावले गेले, तरी आपली जबाबदारी त्या मानाने कमी होऊ शकते. महत्त्वाची गोष्ट दडवून मिळवलेली हमी टिकत नाही. पण छापील हमीपत्रांत ‘हे हक्क मी सोडून देत आहे’ अशी वाक्ये पुष्कळदा असतात. बारीक टाइपात असतात, म्हणून चष्मा लावून वाचायची.

दर महिन्याला येणारे गुरुजी

इतके वाचून कोणी म्हणेल, मग कोणी कोणाला जामीन राहूच नये की काय? तसे मला वाटत नाही. आपली सहकारी चळवळच जामिनकीवर उभी राहिली. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा झाला तेव्हा ग्रामीण पतपेढ्यांत सभासदांची जबाबदारी सर्वसाधारणपणे अमर्यादित होती. एकाच्या कर्जाला बाकीचे सगळे बांधलेले. गहाण टाकायला ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांना एकमेकांच्या शब्दावर पैसा मिळावा, ही त्यामागची कल्पना. पण त्या शब्दाबरोबर एक काम येत होते. बांधलेली माणसे एकाच गावातली होती, एकमेकांच्या चुलीवर काय शिजते हे त्यांना दिसत होते, आणि लक्ष ठेवणे हे त्यांचे कर्तव्यच मानले जात होते.

असा एक जामीनदार मी लहानपणी पाहिला आहे. १९७८ साली माझ्या वडिलांनी घरासाठी आमच्या गावातल्या सहकारी बँकेतून कर्ज घेतले. त्यांच्याच शाळेतले एक गुरुजी जामीन राहिले. हप्ता बँकेत जाऊन रोखीने भरायचा, पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. दर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुजी सायकलवरून घरी यायचे. चहा घ्यायचे, माझे पाढे घ्यायचे आणि उठताना सहज म्हणावे तसे म्हणायचे, ‘‘या महिन्याचा शिक्का दाखवा बरं.’’ वडील पुस्तक आणून दाखवायचे. आईला ते मुळीच आवडत नसे. ‘‘आपल्यावर एवढा अविश्वास असेल तर सही करायची नव्हती,’’ ती म्हणायची.

मग एका वर्षी वडिलांना कावीळ झाली. पाच महिने अंथरुणाला खिळले, रजा संपली, पगार थांबला. दुसऱ्याच महिन्यात पुस्तकावर शिक्का नाही हे गुरुजींच्या ध्यानात आले. ते वडिलांना काही बोलले नाहीत. थेट बँकेच्या व्यवस्थापकाकडे गेले, आजारपणाचे कागद दाखवले आणि हप्ते पुढे ढकलून घेतले. दोन हप्ते त्यांनी स्वतः भरले, ते वडिलांनी बरे झाल्यावर परत केले. घर राहिले. आम्ही त्याच घरात वाढलो.

माझ्या पगारातून कपात सुरू झाली तेव्हा मला गुरुजी आठवले. माझ्या सहकाऱ्याची खुर्ची रिकामी दिसत असताना मी संकोचाने गप्प बसलो होतो. तेव्हाच विचारले असते, पतसंस्थेशी बोलून हप्ते कमी करून घेतले असते, तर कदाचित तो सावरला असता. २०१५ साली त्याने मला दहा हजार रुपये पाठवले. पुढे काही आले नाही. एकदा एका लग्नात दिसला. मला पाहून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसला. पैशांपेक्षा ते मला जास्त लागले. मी त्याला जामीन राहिलो होतो, पण त्याची चौकशी केली नव्हती.

सही करण्यापूर्वी, सही केल्यावर

तेव्हा सही मागायला कोणी आले की काय करावे? पहिली गोष्ट, त्याच दिवशी सही करू नये. कागद दोन दिवस घरी ठेवून घ्यावेत आणि घरातल्या माणसांसमोर वाचावेत. जबाबदारी शेवटी घरावरच येणार असते, तर निर्णयही घराचा असावा. आपल्याला जामीनदार म्हणून घेत आहेत की सह-कर्जदार म्हणून, तेही पाहावे. सह-कर्जदार असाल तर ते पहिल्या दिवसापासून तुमचेच कर्ज असते.

दुसरी गोष्ट, स्वतःला एकच प्रश्न विचारावा. ही सगळी रक्कम उद्या मला भरावी लागली तर मी मुलांच्या शिक्षणाला आणि म्हातारपणाला हात न लावता ती भरू शकेन का? आणि भरल्यावरही या माणसाशी बोलू शकेन का? दोन्हीची उत्तरे ‘हो’ असतील तर सही करावी. पैशाचे उत्तर ‘नाही’ असेल तर नम्रपणे नकार द्यावा. कारणे रचून सांगू नयेत. ‘मला एवढी रक्कम झेपणार नाही’ हे पुरेसे आहे, खरेही आहे. जमेल तर त्याऐवजी झेपेल तेवढी रक्कम उसनी द्यावी. ती बुडाली तरी किती बुडाली हे आपल्याला माहीत असते.

तिसरी गोष्ट, जामीनदाराची गरज खरोखरच आहे का ते विचारावे. शैक्षणिक कर्जात ४ लाखांपर्यंत बँकेने तारण मागू नये असा नियम आहे. नामांकित शिक्षणसंस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत.

चौथी गोष्ट, सही करायचीच ठरली तर रक्कम आणि मुदत लिहिलेली आहे ना हे पाहावे. कोऱ्या कागदावर किंवा रिकाम्या रकान्यांवर सही करू नये. हमीपत्राची प्रत मागून घ्यावी. कर्जदाराने तेवढ्या रकमेचा आयुर्विमा उतरवावा, असा आग्रह धरावा. थकबाकी झाल्यास आपल्यालाही लगेच कळवावे, असे पत्र बँकेला देऊन पोच घ्यावी. आणि दर वर्षी आपला पत-अहवाल पाहावा. पत-माहिती कंपन्यांकडून तो वर्षातून एकदा फुकट मिळतो.

कर्ज घेणाऱ्यालाही एक सांगणे आहे. हप्ता चुकणार असे दिसले की पहिला निरोप जामीनदाराला द्या. बँकेची नोटीस त्याच्या दारी तुमच्या निरोपाआधी पोचता कामा नये. त्याने तुमच्यासाठी आपले घर बांधून ठेवले आहे.

गेल्या वर्षी माझा भाचा घरी आला. दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजसाठी यंत्रे घ्यायची होती, तीन लाखांचे कर्ज. ‘‘मामा, फक्त एक सही हवी होती,’’ तो म्हणाला. मी त्याला म्हटले, कागद ठेवून जा आणि रविवारी मामी असताना ये. रविवारी आम्ही तिघे जेवणाच्या टेबलाशी बसलो. बायकोने हमीपत्र मोठ्याने वाचले. गॅरेजचा जमाखर्च त्याच्याकडून लिहून घेतला. तीन लाख भरावे लागले तर कोणती ठेव मोडायची, हेही त्याच्यासमोरच ठरवले. पोरगा थोडा ओशाळला, पण त्याने सगळे ऐकून घेतले. विमा उतरवल्याची पावती आणली, मग मी सही केली.

एक अट मी माझी घातली होती, ती तो अजून पाळतो. दर महिन्याच्या सात तारखेला माझ्या फोनवर हप्ता भरल्याची पावती येते. मागच्या महिन्यात आठ तारखेपर्यंत आली नाही, तेव्हा मीच फोन केला. बँकेला सुट्टी होती म्हणाला. नऊ तारखेला पावती आली. त्याला माझा फोन आवडला नसेल. आईला गुरुजींचे येणे आवडत नसे, तसेच.